एका संगणकात दोन बिऱ्हाडं

औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार, हे हिंगोलीकरांना नव्याने सांगायला नको. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांवर या जिल्ह्यात बरंच बोलून झालं आहे, म्हणून आज बोलायचं ते संगणकांविषयी. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत नियंत्रणाच्या संगणकांवर डेबियन लिनक्स वापरतात. तेच डेबियन तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीवरही फुकटात बसवता येतं.

अशा दुकानांत कॅनन एलबीपी २९०० हा छोटा लेसर प्रिंटर हमखास दिसतो. त्याच्या लिनक्स ड्रायव्हरचे काही भाग ३२ बिटी, पीसी मात्र ६४ बिटी. ड्रायव्हर बसवावा, चालवावा, तर पडद्यावर उत्तर येतं: अशी फाइल नाही. फाइल तर समोर दिसते आहे! खरं म्हणजे सापडत नसते ती ३२ बिटी कार्यक्रम सुरू करून देणारी लोडर नावाची दुसरीच फाइल. संदेश लिहिणाऱ्याने ते नाव घातलं असतं, तर कित्येकांच्या रात्री वाचल्या असत्या.

दोष प्रोसेसरचा नाही. एएमडीने २००३ साली ६४ बिटी ऑप्टेरॉन आणला, तेव्हाच ३२ बिटी सूचना जशाच्या तशा चालतील अशी सोय ठेवली. भांडण आहे ते जागेचं. ३२ आणि ६४ बिटी लायब्ररींची, म्हणजे अनेक कार्यक्रम वापरतात त्या सामायिक फायलींची, नावं सारखीच. एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या, तर दुसरी पहिलीला पुसून टाकते. रेड हॅटने ‘लिब’ आणि ‘लिब६४’ असे दोन फोल्डर केले. एका घरात दोन बिऱ्हाडं मावली. पण तिसरं एआरएम प्रोसेसरचं आलं, तर त्याला कुठे ठेवायचं? डेबियनने आधी त्याहून ओबडधोबड उपाय केला होता. बऱ्याच ३२ बिटी लायब्ररी एकाच अवाढव्य पॅकेजमध्ये कोंबल्या. त्यातल्या एकीत सुरक्षेची दुरुस्ती आली, की सगळं पॅकेज नव्याने बांधायचं.

मे २०१३मध्ये आलेल्या डेबियन ७पासून हा प्रश्न ‘मल्टिआर्च’ने सोडवला. प्रत्येक आर्किटेक्चरच्या लायब्ररींना त्याच आर्किटेक्चरच्या नावाचा फोल्डर मिळाला. आता पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला ‘आय३८६ही चालेल’ (म्हणजे ३२ बिटी पीसीची पॅकेजंही) असं एकदा सांगायचं, पॅकेजची यादी ताजी करायची आणि हव्या त्या लायब्ररीच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन आय३८६ लिहायचं. एलबीपी २९००ला लागणाऱ्या लायब्ररी अशाच येतात.

कागदावर हे सोपं वाटतं. पण दोन आर्किटेक्चरची एकच लायब्ररी शेजारी-शेजारी बसवायची, तर दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एक हवी, नाहीतर पॅकेजं मागवणारं ॲप्ट अडून बसतं. शिवाय माहितीपत्रकासारख्या सामायिक फायली बाइट न् बाइट सारख्या लागतात. २०१२च्या सुमारास इथेच माशी शिंकली. मजकूर एकच, पण दोन वेगळ्या यंत्रांवर जीझिपने तो दाबला, की तयार होणाऱ्या फायलींत फरक पडू शकायचा. जी पत्रकं क्वचितच कोणी उघडून वाचतं, त्यांच्यापायी लायब्ररी बसायला नकार देत!

मल्टिआर्चची ही सोय फक्त जुनं सांभाळण्यासाठी नाही. ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन १३ आलं आणि त्यात ६४ बिटी रिस्क-व्ही या आर्किटेक्चरला अधिकृत स्थान मिळालं. सीडॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे प्रोसेसर याच कुळातले. इंटेलच्या लॅपटॉपवर रिस्क-व्हीची पॅकेजं मागवून त्याच्यासाठीचं सॉफ्टवेअर बांधता येतं, आणि दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या मदतीने तिथेच चालवूनही बघता येतं. हिंगोलीतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी महागडा बोर्ड आधी विकत घ्यावा लागत नाही.

याच आवृत्तीने आय३८६ला मात्र स्वतंत्र घर नाकारलं. आता त्याचा कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. ६४ बिटी यंत्रावर जुने कार्यक्रम चालवण्यापुरतंच ते उरलं आहे. एआरएमच्या ३२ बिटी शाखेत वेळ मोजणारा आकडा ६४ बिटी करून घेतला. आय३८६मध्ये तो मुद्दाम ३२ बिटीच ठेवला, कारण बदलला तर ज्यांच्यासाठी ही शाखा जिवंत ठेवली ते जुने कार्यक्रमच मोडतील. हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो. एलबीपी २९००पुरती तोवर थांबायची गरज नाही. काही हौशी प्रोग्रामरांनी त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहिला आहे. त्याचा सोर्स खुला असल्याने तो ६४ बिटी पीसीसाठी बांधता येतो, तसा रास्पबेरी पायसाठीही.