फटफटीचं तेल : डब्यावरची अक्षरं वाचा
(जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते लिटरभर तेलाबद्दल, आणि तेही भजी तळायच्या नव्हे, फटफटीच्या इंजिनातल्या.

परदेशात मोठमोठ्या शेतांवर चार जाड चाकांची, हँडलाची एक गाडी असते. चिखल असो, वाळू असो, धोंडे असोत, ती कुठूनही जाते. आपल्याकडे तेच काम फटफटी करते. पांदणीच्या काळ्या चिखलातून ती जाते. तिच्यावर फवारणीचा पंप असतो, पाण्याची कॅन असते, खताचं पोतं असतं आणि वर दोन माणसं. कारखान्यानं ती डांबरी सडकेसाठी केली हे तिलाही आठवत नसेल. त्या चारचाकीचं इंजिन आणि आपल्या फटफटीचं इंजिन पुष्कळशा एकाच घडणीचं असतं, म्हणून तेलाचा नियमही जवळपास एकच.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. पुतण्याच्या मोटारीची सर्व्हिसिंग झाली आणि लिटरभर तेल उरलं. महागाचं तेल, डबा चकचकीत. वाया कसं घालवायचं? आम्ही ते फटफटीत ओतलं. मोटारीला चालतं ते फटफटीला तर सहज चालेल, असा हिशेब केला. काही दिवसांतच इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना. पांदणीच्या चढावर एकानं ॲक्सिलेटर पिळायचा आणि दुसऱ्यानं मागून ढकलायचं. मिस्त्रीनं उघडून पाहिलं तर क्लचच्या प्लेटा जळून काळ्या पडलेल्या. पेरणीचे दिवस, सरकी आणायला निघालेली गाडी मिस्त्रीच्या दारात. दोष तेलाचा नव्हता. तेल उत्तम होतं, पण दुसऱ्याच्या घरचं होतं.

असं का झालं, ते नीट समजून घेऊ. मोटारीत किंवा ट्रॅक्टरमध्ये इंजिनाचं तेल वेगळं असतं आणि गिअरचं वेगळं. गिअरवाल्या फटफटीत एकच तेल तिन्ही कामं करतं. पिस्टनला वंगण देतं, गिअरचे दाते सांभाळतं, आणि क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात. क्लच चालतो तो घर्षणावर. मोटारीच्या काही तेलांत पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लचची पकड सुटते. असली तेलं वाढली आणि फटफटीचे क्लच घसरायला लागले, तेव्हा जपानमध्ये १९९८ साली फटफटीच्या तेलासाठी वेगळं मानक केलं गेलं. त्याचं नाव जासो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असेल तर ते तेल गिअरवाल्या फटफटीचं. ‘एमबी’ असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या स्कुटीला ते चालेल, तुमच्या फटफटीला नाही.

दुसरी अक्षरं एपीआयची. पहिलं अक्षर एस असेल तर तेल पेट्रोल इंजिनासाठी, सी असेल तर डिझेलसाठी. पुढचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढं, तितकं मानक नवं. एसएल २००१ सालचं, एसएन २०१० सालचं. पुस्तकात एसएल मागितलं असेल तर त्याच्या पुढचं चालतं, मागचं चालत नाही. मात्र एमए हे सोबत हवंच. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या मोठ्या डब्यातून फटफटीला पाजायची सवय पुष्कळांना आहे. डब्यावर जासोचा शिक्का नसेल तर ती सवय सोडा.

तिसरे आकडे घट्टपणाचे. ‘२०डब्ल्यू-४०’ यातला डब्ल्यूजवळचा आकडा थंडीतला वागणूक सांगणारा, आणि दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, शंभर अंशांना, तेल किती घट्ट राहतं ते सांगणारा. काकवी थंडीत घट्ट होते आणि चुलीपाशी पातळ होते, तसंच हे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० वर्षानुवर्षं चाललं. पण अलीकडच्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. तिथे “ऊन फार, घट्टच टाका” असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तेलाच्या वाटा अरुंद असतात, घट्ट तेल सकाळी वरपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि तेवढ्यात झीज होते. घट्ट म्हणजे चांगलं, हा समज दुधाच्या बाबतीत खरा असेल.

आता किती दिवसांनी बदलायचं? पुस्तकातले किलोमीटर सडकेवरचे आहेत. फटफटीचं इंजिन बहुधा वाऱ्यानं थंड होतं. पहिल्या गिअरमध्ये, वर पोतं, चिखलातून माणसाच्या चालीनं जाताना वारा कुठून लागणार? मीटर एक किलोमीटर दाखवतं आणि तेल मात्र कितीतरी जास्त तापून निघालेलं असतं. त्यात तेल जेमतेम लिटरभर. शिवाय धूळ. ज्वारीच्या मळणीची कूस अंगाला कशी खाजते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीच कूस आणि फुफाटा एअर फिल्टरमध्ये बसतो, आणि फिल्टर फाटका असेल तर मातीचे बारीक कण थेट पिस्टनच्या रिंगांना घासतात. तेव्हा अशा कामाच्या गाडीचं तेल पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बदला, आणि मळणी संपली की फिल्टर पाहा. तेल काळं पडलं म्हणून घाबरू नका, काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. पण नाला ओलांडल्यावर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं. मग त्या दिवशी गाडी चालवायची नाही, तेल काढायचं.

फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपाचं मात्र निराळं. त्याच्या पोटात तेल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आणि तेही ‘टू-टी’चं. पन्नासास एक सांगितलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४० मिली. फटफटीचं उरलेलं तेल त्यात ओतलं की प्लगवर काजळी धरते आणि ऐन फवारणीत पंप रुसतो. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टनच धरून बसतो.

खरेदीचं बोलू. सरकीची पिशवी, टॅग आणि पावती आपण जपून ठेवतो, कारण उगवलं नाही तर तेवढाच पुरावा हातात असतो. तेलाचंही तसंच करा. झाकणाचं सील आपल्यासमोर तुटू द्या, बॅच नंबर घातलेली पावती मागा. सुटं तेल स्वस्त पडतं, पण त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला खिळ्यानं भोक पाडा, नाहीतर तोच डबा भरून पुन्हा आपल्याच गावात येईल. जळकं तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. आणि हे तेल उत्पादन खर्चाच्या वहीत लिहा. बैलाची पेंड आपण लिहितो, फटफटीचं तेल मात्र घरखर्चात ढकलून देतो.

काही जणांनी गाडीचं पुस्तक आणि घरातला डबा सोबत आणला आहे, असं कळलं. चहा येईपर्यंत ते इकडे टेबलावर मांडा. एकेक डबा हातात घेऊन वाचू.