दुसऱ्याच्या हातीं दिलेला फोन

येरवड्याच्या तुरुंगाचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? १९३० सालीं महात्मा गांधी तेथें कैदेंत होते. त्या स्थळास ते 'येरवडा मंदिर' म्हणत, आणि तेथून दर मंगळवारीं आपल्या आश्रमवासीयांस एक पत्र लिहीत. सत्य, अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह इत्यादि व्रतांचें विवेचन करणारीं तीं पत्रें पुढें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत स्वदेशीवरील प्रकरण मात्र तुरुंगांत लिहिलेलें नाहीं. त्या विषयाला न्याय द्यावयाचा तर राजकारणाच्या निषिद्ध क्षेत्रांत पाऊल पडेल, असें वाटल्यावरून गांधीजींनीं तें सुटकेनंतर लिहिलें.

तुरुंगांतून बाहेर जाणारें पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातें, हें लिहिणारास ठाऊक असतें. म्हणून काय लिहावें व काय राखून ठेवावें, हा निर्णय निदान त्याच्या हातीं राहतो. आज तुरुंगाबाहेर मोकळेपणीं वावरणाऱ्या गृहस्थाची स्थिति याच्या उलट आहे. तो आपला सारा पत्रव्यवहार, बँकेचें खातें, घरचीं छायाचित्रें आणि डॉक्टरांचे अहवाल एकाच मोबाईलमध्यें घालून हिंडतो, आणि कोणी 'जरा एक फोन करूं का?' म्हणून विचारलें, कीं कुलूप उघडून तो त्याच्या हातीं देतो. आपलें काय वाचलें गेलें, हें त्यास कधींच कळत नाहीं.

छत्री उसनी देणें निराळें आणि किल्ल्यांचा जुडगा उसना देणें निराळें. स्मार्टफोन दिसतो छत्रीसारखा. वस्तुतः तो जुडगा आहे. शिवाय त्यांतील सर्वच गोष्टी मालकाच्या एकट्याच्या नसतात. एखाद्या मित्रानें आपल्या दुखण्याबद्दल विश्वासानें लिहिलेलें असतें. बहिणीनें मुलीच्या मोडलेल्या लग्नाची हकीकत कळविलेली असते. फोन देणारा औदार्य दाखवितो खरा, परंतु तें दुसऱ्याच्या ठेवीवरचें औदार्य होय. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्वाळा दिला. पण न्यायालयानें दिलेला हक्क घरांतल्या व रस्त्यावरच्या व्यवहारांत ज्याचा त्यानेंच राखावयाचा असतो.

समजा, येरवड्याच्या मेट्रो स्थानकापाशीं एक भला गृहस्थ उभा आहे. एक तरुण येतो, चेहरा चिंतातुर. म्हणतो, 'काका, माझ्या फोनची बॅटरी संपली, घरीं एवढा निरोप द्यावयाचा आहे.' शंभरांतील बहुतेक वेळां हें खरेंच असतें, आणि अशा माणसास नाहीं म्हणणें माणुसकीला शोभणारें नाहीं. परंतु याच निमित्तानें कांहीं लबाडांनीं फोनवर चांदणी, आंकडे आणि चौकडीचें चिन्ह असा एक संकेत दाबून मालकाचे येणारे कॉल आपल्या क्रमांकाकडे वळविले. मग बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा गुप्त आंकडा, म्हणजे ओटीपी, बोलून सांगणारा कॉलहि तिकडेच गेला. या फसवणुकीमुळें दूरसंचार विभागानें १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांनीं कॉल वळविण्याची सोय बंद करण्याचा आदेश कंपन्यांस दिला. एक दार लागलें. पण उघडा फोन अनोळखी हातीं गेला, तर दुसरीं दारें आहेतच.

मग करावें काय? मदत करावी, पण फोन सोडूं नये. क्रमांक विचारून घ्यावा, स्वतः दाबावा, स्पीकर चालू करावा आणि फोन आपल्याच हातीं धरून त्यास बोलूं द्यावें. पोलिस वा रुग्णवाहिका हवी असेल, तर ११२ हा क्रमांक कुलूप न उघडतांहि लावतां येतो.

फोन हातीं देणें भागच असेल, तर त्याचीहि सोय निर्मात्यांनीं केलेली आहे. अँड्रॉइडवर २०१४ पासून एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवण्याची युक्ति आहे. सुरक्षेच्या सेटिंगमध्यें 'ॲप पिनिंग' या नांवानें ती सांपडते. बाहेर पडतांना पिन मागितला जावा, हा पर्याय तेथेंच चालू करावा. नाहीं तर कडी लावून कुलूप न लावल्यासारखें होतें. आयफोनवर 'गाइडेड ॲक्सेस' तेंच काम करतो. कित्येक अँड्रॉइड फोनांत 'गेस्ट' म्हणून पाहुण्याची वेगळी खोली मिळते. तेथें मालकाचीं छायाचित्रें वा संदेश दिसत नाहींत. कांहीं कंपन्यांच्या फोनांत ती नसते, म्हणून आधींच पाहून ठेवावें. बँकेच्या आणि निरोपांच्या ॲपांना निराळें कुलूप घालावें, आणि कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसूं नये अशी व्यवस्था करावी. फोन परत येतांच कॉलांची यादी पाहावी, आणि व्हॉट्सॲपमधील 'जोडलेलीं उपकरणें' उघडून अनोळखी नांव असल्यास काढून टाकावें. पैसे गेल्याचें आढळल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें; रक्कम अडविण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांत अधिक असते.

खरी अडचण मात्र यंत्राची नसून भिडेची आहे. अनोळख्यास नाहीं म्हणतां येतें. भाच्यास, शेजाऱ्यास, कचेरींतल्या सहकाऱ्यास म्हणवत नाहीं. भीड भिकेची बहीण, असें आपले वाडवडील सांगत आले. 'थांब हं, तुला लागतें तेवढें उघडून देतों' एवढें म्हणण्यानें कोणाचाहि अपमान होत नाहीं. वाड्यांत पाहुणा आला तर त्यास ओसरीवर बसवीत, पाणी देत. तिजोरीची खोली कोणी दाखवीत नसे, आणि पाहुण्यासहि त्यांत कांहीं उणें वाटत नसे.

घेणाऱ्याचाहि एक धर्म आहे. एक छायाचित्र पाहावयास दिलें तर तेवढेंच पाहावें. बोटानें पुढचें सरकवूं नये. फोन चालूं असतां कोणाचा संदेश आला, तर नजर बाजूस घ्यावी. दुसऱ्याच्या फोनवर आपलें खातें उघडलें असल्यास बंद करूनच तो परत करावा. मुलांना हें शाळेंत कोणी शिकवीलच असें नाहीं. घरांत वडील माणसें दुसऱ्याचें पाकीट न फोडतां टेबलावर ठेवतात, हें पाहूनच तीं शिकतात.

तुरुंगांतल्या कैद्याच्या पत्रावर पहारा होता. पण काय लिहावयाचें नाहीं, तें त्यानें स्वतः ठरविलें. बाहेरच्या माणसावर तसा पहारा नाहीं, म्हणून तो त्यानेंच ठेवावयास हवा. स्वतःसाठीं, आणि ज्यांनीं विश्वासानें त्याला कांहीं लिहिलें त्यांच्यासाठींहि.