खुंटीवर टांगलेले गणवेश

(बर दुबई येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



माझा जन्म रुग्णांच्या शुश्रूषेत गेला. सभेत बोलण्याची मला सवय नाही. मुलाकडे येथे राहावयास आल्यापासून आपण आग्रह करीत आहात, म्हणून एक पाहिलेली वस्तू आणि एक घरातली हकीकत आपणांपुढे ठेवते.

लेकीकडे लंडनला गेले असता तिने मला व्हाइटहॉल रस्त्यावर नेले. दुसऱ्या महायुद्धातील स्त्रियांच्या कार्याचे स्मारक तेथे उभे आहे. 9 जुलै 2005 रोजी राणी एलिझाबेथ यांनी त्याचे अनावरण केले. निधी जमविताना पार्लमेंटच्या माजी सभापती बेटी बूथरॉइड यांनी दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत जिंकलेले 8,000 पौंडही दिले होते. तीच प्रश्नमंजूषा, जिच्यावरून आपला ‘कौन बनेगा करोडपती’ निघाला.

ब्राँझचे ते स्मारक 22 फूट उंच आहे. शिल्पकार जॉन मिल्स यांनी त्यावर एकाही स्त्रीचा चेहरा घडविलेला नाही. आहेत ते केवळ खुंटीवर टांगलेले 17 पोशाख. त्यांत वेल्डिंगचा मुखवटा आहे, नौदलातील स्त्रीचा गणवेश आहे, आणि परिचारिकेचा केपही आहे. मला प्रथम रागच आला. कपडे घडविले, बाई कोठे आहे? लेक म्हणाली, “आई, युद्ध संपले, त्यांनी गणवेश टांगून ठेवले आणि त्या घरी गेल्या. कामे पुरुषांना परत मिळाली. तेच दाखविले आहे.”

तेव्हा मला माझी मोठी मावशी आठवली.

14 एप्रिल 1944. शुक्रवार होता आणि पेसाहचा सातवा दिवस. मावशी सुटीवर, मांडवीच्या घरी होती. दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. मावशी सणाच्या पातळावरच रुग्णालयाकडे धावली. दारात आजोबा एवढेच म्हणाले, “जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडतो, जा.” ती रविवारी संध्याकाळी परतली. भाजलेल्या माणसाची पट्टी कोरडी सोडवू नये, आधी भिजवावी, हे मला परिचर्येच्या पदविकेपूर्वीच तिने शिकविले होते. त्या दोन रात्रींत पट्ट्या भिजवावयास पाणीही पुरेना, असे ती सांगे.

त्या आगीत अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. दरवर्षी 14 एप्रिलला देशभर त्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती योग्यच आहे. त्या रात्रीच्या परिचारिकांचे स्मारक मात्र मुंबईत मी पाहिलेले नाही. मावशीला निवृत्तिवेतन देताना तिच्या रुग्णालयाने युद्धकाळातील तीन वर्षे ‘हंगामी नेमणूक’ म्हणून सेवेत धरलीच नाहीत. तिने दोन अर्ज केले, तिसरा केला नाही.

आपण डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव अभिमानाने घेतो. 1928 ते 1947, म्हणजे युद्धाच्या सर्व वर्षांत, कामा रुग्णालय त्यांनी सांभाळले. परंतु तेथे रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुलींपैकी किती जणींची नावे आज आपणांस सांगता येतील? मला तीनही सांगता आली नाहीत.

आता माझा दोष सांगते. मावशी अविवाहित होती. तिच्या मागे तिच्या ट्रंकेत तांबड्या अस्तराचा निळा केप निघाला. मी स्वतः परिचारिका असून तो बोहारणीला घातला आणि स्टीलचे पातेले घेतले. ते पातेले येथे माझ्याबरोबर आले आहे. गेल्या मालिद्याचे पोहे त्यातच भिजविले होते.

आपल्या घरी ट्रंका असतील, त्यांत बिल्ले, नेमणुकीची पत्रे, छायाचित्रे असतील. बोहारणीपूर्वी माझ्याकडे आणा. मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर मावशीचे नाव लिहिले आहे. हश्काबाच्या वेळी त्या वहीतील नावे वाचावीत, अशी माझी हझ्झानसाहेबांना विनंती आहे.