शाळाशाळांची तुलना



शाळांची एकमेकींशी तुलना करण्याची प्रथा नवी नाही. डेप्युटीसाहेब तपासणीस येत त्या काळीही अमुक गावची शाळा ‘उत्तम’ व तमुक गावची ‘सामान्य’ असे शेरे पडत असत. आता शेऱ्याची जागा टक्केवारीने घेतली आहे. शेऱ्यात साहेबांची मर्जी असू शकते, हे सर्वांस ठाऊक होते; टक्केवारी मात्र निःपक्षपाती भासते, आणि म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध असावयास हवे.

बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. दसरा-दिवाळी उलटली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. घरी सांभाळणारे कोणी नसले म्हणजे मुलेही बरोबर जातात. फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावंडास राखतात, आणि पाडव्याच्या सुमारास गावी परततात. ज्या मुलाचे नाव जूनमध्ये पटावर असते, ते वर्षातील चार-पाच महिने फळ्यासमोर नसते. यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना झाली, आणि जेथे ती मनापासून चालविली गेली तेथे मुले गावात टिकली. परंतु सर्वत्र तसे घडले नाही.

आता अशा एका तालुक्यातील दोन शाळा मनात आणाव्यात. एक बाजाराच्या गावची. तिच्या चौथीत ५० मुले. दुसरी डोंगराकडेच्या तांड्यावरची. तिच्या चौथीत ८ मुले. पहिल्या शाळेत एका मुलास वाचता आले नाही तर निकाल दोन टक्क्यांनी उतरतो. दुसरीत साडेबारा टक्क्यांनी. तांड्यावरील दोन मुले कारखान्यावर गेली की पंचवीस टक्के गेले! यंदाची पहिली शाळा पुढील वर्षी शेवटची ठरते, आणि शिक्षक तेच, शिकविणे तेच, खडूही तोच असतो. असे क्रमांक फलकावर लावण्यात काय स्वारस्य आहे?

शिवाय कामाचे ओझेही निराळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पटापर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. म्हणजे तांड्यावर एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. त्यांतील एक प्रशिक्षणास वा निवडणुकीच्या कामास गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग आणि पोषण आहाराचा हिशेब.

‘असर’ या नावाने ओळखली जाणारी पाहणी २००५ मध्ये सुरू झाली. तिचे कार्यकर्ते शाळेत नव्हे, तर घरी जाऊन मुलाची परीक्षा घेतात. मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते, हे पाहतात. हातच्याची वजाबाकी घालून पाहतात. जिल्ह्यातील सुमारे ३० गावे व प्रत्येक गावची २० घरे एवढाच तिचा आवाका. जिल्ह्याची प्रकृती तिच्यावरून कळते. एखाद्या गावच्या शाळेस बरेवाईट ठरविण्यासाठी ती नाही. तथापि तिची रीत घेण्याजोगी आहे. जूनमध्ये प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर उभे आहे ते नावानिशी टिपावे. एप्रिलमध्ये पुन्हा पाहावे. अक्षरावरून परिच्छेदापर्यंत आलेले मूल गोष्ट वाचू शकले नाही, तरी त्याच्या शाळेने काम केलेले असते. जूनमध्येच गोष्ट वाचणारे मूल एप्रिलमध्येही तेवढेच वाचत असेल, तर निकाल शंभर टक्के असूनही विचारणा व्हावी.

स्थलांतरित मुलांची यादी मात्र स्वतंत्र ठेवावी. त्यांस हिशेबात धरले तर शिक्षकावर अन्याय होतो, वगळले तर मूलच नाहीसे होते. आणि दुसरा दोष अधिक वाईट, कारण त्याने कागद सुंदर दिसतो. पट आणि उपस्थिती यांत किती अंतर पडू शकते, हे ऑक्टोबर २०११ मधील तीन दिवसांच्या पटपडताळणीने साऱ्या राज्यास दाखविलेच होते.

हा केवळ कागदाचा वाद नव्हे. दहा व त्याहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत मुलास सोबती मिळतात, प्रत्येक वर्गास शिक्षक मिळू शकतो. हे लाभ नाकारू नयेत. परंतु लहान शाळेचे भवितव्य ज्या तक्त्यावरून ठरावयाचे, त्यातील साडेबारा टक्के म्हणजे एकच मूल आहे, हे ठरविणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. त्या मुलाच्या नव्या वाटेचाही विचार व्हावा. पाचवीपर्यंतच्या शाळेसाठी राज्याच्या नियमांत एक किलोमीटरची मर्यादा आहे. नकाशावर ती सरळ रेषेत भरते. प्रत्यक्षात मध्ये ओढा असतो. केंद्रप्रमुखांनी हे अंतर जुलै महिन्यात पायी चालून पाहावे आणि ओढ्यास किती दिवस उतार नसतो, ते गावकऱ्यांस विचारून लिहावे. प्रपत्रात त्यासाठी रकाना नसल्यास शेऱ्याच्या जागी लिहावे.