तिकडं त्याला कोण बघणार?
(रौप्यमहोत्सव समारंभातील भाषण)



बँकेत असताना एक वडील शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला आले होते. मुलाला दिसत नव्हतं, पण परदेशी शिकायला जायचं होतं. कागद न बघताच मी विचारलं, "तिकडं त्याला कोण बघणार?" ते गप उठून गेले. पुन्हा आले नाहीत.

निवृत्तीनंतर मी लेखक वेद मेहता यांच्याविषयी वाचलं. जन्म 1934 चा, लाहोरचा. लहानपणीच मेंदूच्या आजारानं दृष्टी गेली. घरच्यांनी शिकायला मुंबईत, दादरच्या अंधशाळेत धाडलं. 1949 साली, पंधराव्या वर्षी, ते अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या अंधशाळेत गेले. पुढे ऑक्सफर्डलाही शिकले आणि तीसहून अधिक वर्षं 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहीत राहिले. वाचताना ते वडील डोळ्यांपुढे आले आणि माझी मलाच लाज वाटली.

आज दिव्यांग विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आपल्या कोडोलीतल्या पोरांनीही अर्ज करावा. कागदपत्रं भरायला मी बसतो.

पण परदेश राहू द्या, आधी आपलं दार बघू. तिथं तीन पायऱ्या आहेत, धरायला कठडा नाही, चाकाच्या खुर्चीला उतार नाही. पंचवीस वर्षांत आपल्या कुणाच्या ते ध्यानात आलं नाही; सात वर्षं खजिनदार असूनही माझ्याही नाही. यंदा तेवढं करून घेऊ. पहिले पाच हजार माझे लिहून घ्या.