सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर व्याख्याने होतात, तेथून मी डिझेलच्या गाडीविषयी बोलावे, हे काहींना विसंगत वाटेल. मी अभियंता नाही. कलाशाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत फायली पाहण्यात गेले. तथापि भिलाईतील मराठी कुटुंबाचा आणि गाडीचा संबंध निकटचा आहे. लग्नकार्य असो, दिवाळी असो की वडीलधाऱ्यांचे आजारपण, आपली वाट राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा अशी नागपुराकडे जाते. त्या अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांत कोठेतरी पहाटे चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा सुरू होऊ नये, मागे मुले झोपलेली असावीत आणि गावी कोणी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत असावे, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. त्या वेळी मनाची शिस्त हाच पहिला पाना होय.

प्रथम तत्त्व पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. सिलिंडरात घेतलेली हवा पंधरा ते बावीस पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. झोतभट्टीजवळ काम केलेल्या आपल्या बंधूंना तप्त हवा आणि इंधन यांचे नाते मी काय सांगावे!

म्हणजे तीन गोष्टी हव्यात: पुरेसा दाब, पुरेशी हवा आणि योग्य क्षणी डिझेलचा फवारा. यांपैकी एक नसली, तर सेल्फ कितीही मारला तरी गाडी मुकीच राहणार.

आपल्यापैकी अनेकांनी गावच्या विहिरीवरील ऑइल इंजिन पाहिले असेल. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि तिच्या इंजिनांची धकधक महाराष्ट्राच्या शिवारात परिचित झाली. ते इंजिन सुरू करताना गडी काय करीत असे? दाब सोडणारा खटका उचलून तो हँडल जोराने फिरवी, वेग भरला की खटका पाडी, आणि इंजिन धडधडू लागे. वेग आल्यावाचून हवा तापत नाही, हे तो पुस्तक न वाचता जाणत होता.

म्हणून पहिला प्रश्न असा: सेल्फ फिरतो खरा, पण जोमाने फिरतो का? तो कण्हत, रखडत फिरत असेल, तर दोष प्रथम बॅटरीत किंवा तिच्या गंजलेल्या टोकांत शोधावा.

दुसरा प्रश्न धुराचा. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मागे नळीकडे पाहावे. मुळीच धूर नसेल, तर सिलिंडरात डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. मग हीटर प्लग, घटलेला दाब, चुकलेली वेळ किंवा डिझेलमधील पाणी यांचा विचार करावा. चोंदलेला एअर फिल्टरही पाहावा. आपल्याकडील थंडीत डिझेल गोठत नाही. परंतु पौषातील पहाटे हीटर प्लग निकामी असेल, तर काही इंजिने रुसतात.

येथे एक अनुभव सांगतो. १९९० च्या दशकात माझ्या कार्यालयाची जीप रोज सकाळी अडू लागली. सेल्फ उत्तम फिरे, धूर मात्र नसे. एका गॅरेजने मुख्य पंप उतरवून दुरुस्त करावा लागेल, असा अंदाजखर्च दिला आणि तो कागद मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आला. आमचा वृद्ध छत्तीसगढी चालक म्हणाला, "साहब, दस्तखत से पहले आधा घंटा दीजिए." त्याने फिल्टरवरील स्क्रू सैल केला आणि हातपंप मारला. डिझेलऐवजी फेस आला. मग टाकीपासून निघालेली नळी तो बोटांनी चाचपत गेला. एका क्लिपजवळ रबराला केसाएवढी चीर होती. बाहेर थेंबही नव्हता. कारण त्या भागात पंप डिझेल ओढून घेतो, म्हणून चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, आणि रात्रभरात नळीतील डिझेल टाकीकडे उतरते. वीतभर नळी बदलली, फेस संपून स्वच्छ धार येईपर्यंत हवा काढली, आणि जीप सुरू झाली. तो अंदाजखर्च मी नामंजूर केला. टाकीत डिझेल आहे का, इंजिन बंद करण्याची तार ओढलेली राहिली आहे का, फ्यूज उडाला आहे का, फिल्टर चोंदला आहे का, हे स्वल्प खर्चाचे प्रश्न संपल्यावाचून मोठ्या खर्चाच्या प्रश्नाला हात घालू नये, हा धडा मला कोणत्याही नियमपुस्तिकेने इतका स्पष्ट दिला नव्हता.

आता काळ पालटला आहे. १९९७ मध्ये प्रवासी मोटारीत कॉमन रेल पद्धती आली, आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले. या गाड्यांत फवाऱ्याचा हुकूम संगणक देतो. रेलमध्ये ठरावीक दाब साचला नाही, किंवा इंजिनाची गती सांगणारा सेन्सर मुका झाला, तर तो हुकूमच सुटत नाही. तेथे स्कॅनर जाणणारा कारागीरच हवा. आपण पॅनेलवरील दिवे पाहावेत: किल्लीचा दिवा लुकलुकतो का, डिझेलमध्ये पाणी असल्याची खूण दिसते का. पंपावर चुकून पेट्रोल भरले गेले नाही ना, हेही आठवावे. तशी शंका आल्यास पुन्हा सेल्फ मारू नये.

विशेषतः तरुणांना तीन सूचना. या नव्या गाड्यांच्या दाबाच्या नळ्या जुन्या सवयीने सैल करू नयेत. तेथील दाब वातावरणाच्या हजार पटींहूनही अधिक असू शकतो आणि ती धार कातडी भेदून आत जाते. हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. तो भलत्याच क्षणी पेटून इंजिन फोडू शकतो. आणि सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सलग मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे. अधीरतेने बॅटरी संपली, की मूळचा एक दोष दोन होतो.

बंधुभगिनींनो, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी ज्या नगरीत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, ती कारागिरांची नगरी आपल्याला पोटाशी धरून आहे. तिच्याकडून आपल्या मुलांनी एवढे तरी घ्यावे: घाबरण्यापूर्वी पाहावे, आणि नवे भाग घेण्यापूर्वी कारण शोधावे. नागपूरच्या वाटेवर एखादे मराठी कुटुंब अडलेले दिसले, तर थांबून विचारावे, "धूर येतो का हो?" निम्मी चिंता त्या प्रश्नानेच हलकी होईल.