लेखणी आणि मनाचे आरोग्य



आज घराघरांत मोबाईल आहे. निरोप, अर्ज, अभ्यासाच्या नोट्ससुद्धा टाइप होतात. ही सोय मी नाकारत नाही. परंतु हाताने लिहिण्याची सवय सुटली, तर मन सावरण्याचे एक साधे साधन आपण गमावून बसू.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व त्यांच्या सहकारी यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींना किरकोळ विषय दिले. काहींना आयुष्यातील क्लेशदायक प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना लिहायला सांगितल्या. भावनांसह दुःख लिहिणाऱ्यांना त्या वेळी अधिकच जड वाटले. मात्र पुढील ६ महिन्यांत त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा जावे लागले.

असे का व्हावे? मनातले दुःख गोल गोल फिरत राहते. लिहिताना आधी काय घडले, नंतर काय घडले, असा क्रम लावावा लागतो. हात संथ चालतो, म्हणून विचारालाही थांबावे लागते. टाइप करताना प्रत्येक अक्षराला सारखीच टिचकी. लेखणीला मात्र काना, मात्रा, वेलांटी वळवावी लागते. नॉर्वेतील संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. त्यात हाताने लिहिताना मेंदूचे निरनिराळे भाग अधिक जोडीने काम करताना आढळले.

बंधू-भगिनींनो, आपल्याला ही वाट परकी नाही. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याची आठवण बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवली. ती १९९० साली पुस्तिकारूपाने प्रकाशित झाली. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी अक्षर हाती येताच दुःख पोटात ठेवले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेची भीती, घरची ओढाताण, जातीवरून कोणी मारलेला टोमणा, हे सारे वहीत लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको. कोणाला दाखवण्याची सक्ती नाही. पान फाडून टाकले तरी चालेल. मात्र दुःख झेपेनासे झाले, तर वहीवरच थांबू नका. आईवडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांच्याशी जरूर बोला.